संत योहानाचा अग्नी: युरोपातील जुनी लोकपरंपरा आणि राष्ट्रीय उत्सवांतील तिचे पडसाद

दरवर्षी २३ जूनच्या सायंकाळी युरोपच्या फार मोठ्या भागात उघड्यावर जाळ पेटतात. पोर्तुगालच्या बंदरांपासून फिनलंडच्या सरोवरांपर्यंत गावोगावी लाकडांची रास रचली जाते. तिच्याभोवती फेर धरला जातो आणि जाळ बसू लागला की तरुण मुले-मुली त्यावरून उड्या मारतात. आपल्या होळीची आठवण व्हावी असाच हा देखावा असतो. दुसरा दिवस बाप्तिस्मा करणाऱ्या संत योहानाच्या जन्माचा सण. आपल्याकडे हा सण गोव्याच्या 'सांजांव'मुळे अधिक परिचित आहे. परंतु तेथे आग नसते, पाणी असते. त्याविषयी आम्ही लेखाच्या शेवटी लिहिणार आहोत.

युरोपातील या अग्नीचे एक वैशिष्ट्य आपल्या वाचकांच्या सहसा लक्षात येत नाही. अनेक ठिकाणी तो केवळ धार्मिक वा कौटुंबिक राहिलेला नाही. तो राष्ट्रध्वजाच्या शेजारी पेटतो, त्याच्यासमोर राष्ट्राध्यक्ष भाषण करतात, आणि काही प्रदेशांत तो पेटवणे हे एके काळी राज्यकर्त्यांना आव्हान ठरत असे. शेतकऱ्याच्या अंगणातील जाळ राष्ट्राचा अग्नी कसा झाला, आणि या प्रवासात ज्या संताच्या नावे तो पेटत होता त्या संताचे काय झाले, याचा मागोवा येथे घेत आहोत.

तारीख चोवीसच का?

ख्रिस्तसभा संतांचे सण सामान्यतः त्यांच्या मृत्युदिनी साजरे करते, कारण मृत्यू हाच त्यांचा स्वर्गातील जन्म मानला जातो. पृथ्वीवरील जन्माचा सोहळा उपासनेच्या दिनदर्शिकेत तिघांचाच आहे: प्रभू येशू, पवित्र मारिया आणि संत योहान. लूकच्या शुभवर्तमानानुसार देवदूताने मारियेला निरोप दिला तेव्हा एलिझाबेथला सहावा महिना होता. त्यामुळे योहानाचा जन्म नाताळच्या सहा महिने आधी धरला गेला.

मग नाताळ २५ तारखेला आणि योहानाचा सण २४ तारखेला असे का? हा फरक रोमन कालगणनेतून आला. रोमन लोक पुढील महिन्याच्या पहिल्या दिवसापासून मागे मोजत असत. जानेवारीच्या आरंभापूर्वीचा आठवा दिवस म्हणजे २५ डिसेंबर, आणि जुलैच्या आरंभापूर्वीचा आठवा दिवस म्हणजे २४ जून, कारण जूनचे दिवस तीसच असतात. हे दोन्ही दिवस रोमन परंपरेत अनुक्रमे सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा दिवस म्हणून गणले जात. उत्तरायण आणि दक्षिणायन हे शब्द आपल्याला जवळचे आहेत. योहानाचा सण दक्षिणायनाच्या उंबरठ्यावर येतो असे म्हटले तरी चालेल. संत ऑगस्टिन यांनी आपल्या प्रवचनांत या योगाचा अर्थही सांगितला. येशूची वाढ व्हावी आणि आपण उणे होत जावे, असे योहान स्वतःविषयी म्हणाला होता. त्याच्या जन्मानंतर दिवस लहान होत जातात आणि ख्रिस्तजन्मानंतर मोठे होत जातात.

निषेध आणि आशीर्वाद

सूर्य माथ्यावर येऊन पुन्हा उतरणीला लागतो त्या काळात आग पेटवणे, नदी-समुद्रात स्नान करणे, औषधी वनस्पती गोळा करणे अशा चाली ख्रिस्ती धर्माच्या आधीपासून चालत आल्या असाव्यात असे सर्वसाधारणपणे मानले जाते. येथे थोडी सावधगिरी हवी. याकोब ग्रिम यांनी १८३५ मध्ये जर्मन पुराणकथांवर ग्रंथ लिहिला आणि जेम्स फ्रेझर यांचा 'द गोल्डन बाऊ' १८९० मध्ये निघाला. तेव्हापासून प्रत्येक शेकोटी ही हजारो वर्षांपूर्वीच्या सूर्यपूजेचा अवशेष आहे असे सांगण्याची प्रथा पडली. अलीकडचे अभ्यासक लेखी पुरावा मागतात, आणि तो तुटक आहे. एखादी चाल प्राचीन आहे असे तिच्याविषयी आज सांगितले जाते, म्हणून ती प्राचीन ठरत नाही.

जो पुरावा आहे, तो बहुतांशी चर्चच्या अधिकाऱ्यांच्या तक्रारींतूनच आपल्या हाती आला आहे. उत्तर आफ्रिकेतील हिप्पो येथे इ. स. ३९५ ते ४३० या काळात बिशप असलेल्या संत ऑगस्टिन यांनी एका प्रवचनात आपल्या लोकांची कानउघाडणी केली आहे. योहानाच्या सणाला ख्रिस्ती मंडळी समुद्रावर जाऊन मूर्तिपूजकांच्या रीतीने स्नान करीत होती, हे त्यांना खपले नाही. सातव्या शतकात नुआयोंचे बिशप संत एलिजिअस फ्लँडर्स भागात सुवार्ता सांगत होते. त्यांच्या चरित्रात एक प्रवचन दिले आहे. योहानाच्या वा अन्य कोणा संताच्या सणाला अयनदिनाचे विधी करू नका, नाचू नका, उड्या मारू नका, असे त्यात बजावले आहे. बिशपांना हे बजावावे लागले, याचाच अर्थ लोक नाचत होते आणि उड्याही मारीत होते.

निषेधाखेरीज दुसरीही एक वाट ख्रिस्तसभेने चोखाळली. पोप संत ग्रेगरी यांनी इ. स. ६०१ मध्ये इंग्लंडला निघालेल्या मेलिटस या मठाधिपतींना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. तेथील देवळे पाडू नयेत, मूर्ती काढून पवित्र जल शिंपडावे, आणि बळी देण्याच्या जागी लोकांना सणाच्या दिवशी मेजवानी करू द्यावी, असे त्यांनी सुचवले. या पत्रात योहानाच्या अग्नीचा उल्लेख नाही. पण त्या अग्नीच्या बाबतीत पुढे जे घडले ते याच विचाराला धरून घडले. बाराव्या शतकात झाँ बेलेथ या फ्रेंच धर्मपंडिताने उपासनाविधींवर ग्रंथ लिहिला. योहानाच्या सणाला लोक हाडे जाळतात, मशाली नाचवतात आणि चाक उतारावरून सोडतात, अशी त्यात नोंद आहे. बेलेथ या चालींवर रागावत नाही, उलट त्यांचा अर्थ लावतो. त्याच्या मते मशाली योहानाच्या आहेत, कारण येशूने त्याला जळता दिवा म्हटले. आणि उतरणीला लागलेले चाक म्हणजे वर चढून खाली येणारा सूर्य.

पुढे रोमन विधिग्रंथात या शेकोटीला आशीर्वाद देण्याची प्रार्थनाच समाविष्ट झाली. योहानाच्या सणाच्या पूर्वसंध्येला धर्मगुरूने चर्चबाहेर येऊन लाकडांच्या राशीवर पवित्र जल शिंपडायचे आणि योहानाचे स्तोत्र गायचे, असा तो विधी आहे. ज्या लॅटिन स्तोत्राचा येथे उपयोग होतो, त्याच्या ओळींच्या आद्याक्षरांवरून अकराव्या शतकात अरेत्झोचा ग्विदो या संन्याशाने पाश्चात्त्य संगीताच्या स्वरांना नावे दिली. आपल्या चर्चमधील गायकवृंद 'दो-रे-मी' म्हणतात तेव्हा त्यात योहानाचा सण दडलेला असतो, हे जाता जाता सांगण्यासारखे आहे.

राजेही या अग्नीपासून दूर नव्हते. पॅरिसच्या नगरचौकात दरवर्षी योहानाची मोठी शेकोटी होत असे आणि ती पेटवण्याचा मान कित्येकदा राजाचा असे. १६४८ मध्ये नऊ वर्षांच्या चौदाव्या लुईने डोक्यावर गुलाबांचा मुकुट घालून ती पेटवल्याचे सांगतात. तेव्हा सत्ता आणि शेकोटी यांचा संबंध एकोणिसाव्या शतकात प्रथमच जुळला असे नव्हे. नवे होते ते राष्ट्र.

गाण्यांतून उभे राहिलेले राष्ट्र

हे परिवर्तन सर्वांत स्पष्टपणे दिसते ते बाल्टिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर. एस्टोनियन आणि लात्वियन लोक शतकानुशतके परक्यांच्या अमलाखाली होते. जमीनदार जर्मन होते आणि अठराव्या शतकापासून सत्ता रशियाच्या झारची होती. धर्मसुधारणेनंतर हा प्रदेश बहुतांशी लुथरन झाला (लात्वियाच्या पूर्वेचा लातगाले प्रांत मात्र आजही कॅथलिक आहे), संतांची भक्ती मागे पडली, तरी योहान राहिला. टालिनचे लुथरन पाळक बाल्थासार रुसो यांनी १५७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या बखरीत योहानाच्या रात्रीच्या शेकोट्यांचे आणि नाचगाण्यांचे वर्णन केले आहे, आणि ते कौतुकाचे नाही.

या लोकांजवळ राजा नव्हता, सैन्य नव्हते, छापील वाङ्मयही थोडेच होते. गाणी मात्र अपरंपार होती. एकोणिसाव्या शतकात ती गोळा करण्याचे मोठे काम झाले. एस्टोनियात लुथरन पाळक याकोब हुर्त यांनी १८८८ मध्ये जनतेला आवाहन केले आणि खेड्यापाड्यांतून शेकडो लोकांनी त्यांना गाणी व कथा लिहून पाठवल्या. लात्वियात क्रिश्यानिस बारोन्स यांनी हेच काम केले. कागदाच्या लहान चिठ्ठ्यांवर उतरवलेली गाणी ठेवण्यासाठी त्यांनी खास कपाट करून घेतले. १८९४ ते १९१५ या काळात त्यांनी सहा खंडांत दोन लाखांहून अधिक चतुष्पद्या प्रसिद्ध केल्या. त्या कपाटाला युनेस्कोने २००१ मध्ये जागतिक स्मृती-वारशाच्या यादीत स्थान दिले. ज्यांना जात्यावरच्या ओव्यांचे मोल ठाऊक आहे त्यांना या कपाटाचे मोल निराळे सांगावे लागणार नाही.

या गाण्यांत योहानाच्या रात्रीचा मोठा वाटा आहे. लात्वियन भाषेत योहान म्हणजे 'यानिस' आणि सणाचे नाव 'यानी'. २३ जूनची रात्र 'लीगो' म्हणून ओळखली जाते, कारण त्या रात्रीच्या गाण्यांचे पालुपदच 'लीगो' हे आहे. स्त्रिया रानफुलांचा आणि पुरुष ओकच्या पानांचा मुकुट घालतात. दारांना बर्च वृक्षाच्या डहाळ्या बांधतात. घरी केलेले, शहाजिरे घातलेले गोल चीज आणि बिअर पाहुण्यांपुढे ठेवतात. जाळ जितका उंच दिसेल तितक्या दूरवरच्या शेताला त्याचा लाभ होतो, अशी श्रद्धा असल्याने डांबर भरलेले पिंप कधी कधी खांबावर चढवून पेटवतात. मध्यरात्री फुलणारे नेच्याचे फूल शोधायला जोडपी रानात जातात. नेच्याला फूल येत नाही हे सर्वांनाच ठाऊक असते. या गाण्यांतला यानिस घोड्यावरून येतो आणि काही गाणी तर त्याला देवाचा पुत्र म्हणतात. येथे शुभवर्तमानातील योहान आणि शेतीचा एखादा जुना रक्षक यांची अशी काही सरमिसळ झाली आहे की, धर्मशिक्षणाच्या वर्गात ती समजावून सांगणे कठीण जावे.

विजयाची ज्योत

१९१८ मध्ये दोन्ही देशांनी स्वातंत्र्य घोषित केले, एस्टोनियाने २४ फेब्रुवारीला आणि लात्वियाने १८ नोव्हेंबरला. हे दोन्ही दिवस थंडीचे आणि लहान. लोकांनी रात्रभर बाहेर राहावे असे ते दिवस नाहीत. उन्हाळ्यातला राष्ट्रीय दिवस एस्टोनियाला लढाईने दिला. २३ जून १९१९ रोजी एस्टोनियन सैन्याने लात्वियन तुकड्यांच्या साथीने त्सेसिस या गावाजवळ बाल्टिक-जर्मन फौजेचा पराभव केला. गाव लात्वियात आहे. एस्टोनियन त्याला व्योन्नू म्हणतात. जमीनदारांच्या वंशजांवर मिळालेला हा विजय नेमका योहानाच्या पूर्वसंध्येला आला. १९३४ मध्ये एस्टोनियाने २३ जून हा विजयदिन ठरवला आणि तेव्हापासून विजयदिन व योहानाचा दिवस जोडीने येऊ लागले.

१९४० मध्ये सोव्हिएत संघाने हे देश गिळंकृत केले. १४ जून १९४१ रोजी हजारो कुटुंबांना मालगाड्यांत भरून सायबेरियाकडे नेण्यात आले, म्हणजे योहानाच्या सणाच्या दहा दिवस आधी. ज्या घरांत मुकुट विणायला मुली राहिल्या नाहीत, त्या घरांत त्या वर्षी तो सण कसा गेला असेल याची कल्पना वाचकांनीच करावी. विजयदिन अर्थातच रद्द झाला. योहानाच्या शेकोट्या मात्र एस्टोनियात पेटत राहिल्या, कारण ती एक निरुपद्रवी ग्रामीण चाल आहे असे म्हणता येत होते. लात्वियात राज्यकर्त्यांना ती तितकी निरुपद्रवी वाटली नाही. १९५९ मध्ये तेथील राष्ट्रीय वृत्तीच्या कम्युनिस्ट नेत्यांना पदावरून दूर केल्यानंतर पक्षप्रमुख आर्विद्स पेल्शे यांच्या कारकिर्दीत लीगोच्या सार्वजनिक सोहळ्यावर काही वर्षे बंदी होती. ज्या संताला राज्याने अस्तित्वच नाकारले होते त्याच्या रात्रीची राज्याला भीती वाटावी, हे आम्हांला अर्थपूर्ण वाटते. लोकांनी घरी चीज केले, मुकुट विणले आणि शेतात जाळ केला.

१९८८ च्या जूनमध्ये टालिनच्या गायनमैदानावर सलग काही रात्री हजारो लोक जमून गात राहिले. 'गाणारी क्रांती' हे नाव तेव्हापासून रूढ झाले. स्वातंत्र्य परत आल्यावर विजयदिनही परत आला. आता दरवर्षी वेगवेगळ्या शहरी संचलन होते, २३ जूनच्या सकाळी एस्टोनियाचे राष्ट्राध्यक्ष विजयाची ज्योत पेटवतात, आणि स्वयंसेवी संरक्षण दलाचे लोक ती सर्व जिल्ह्यांत नेतात. त्या ज्योतीने रात्री गावोगावच्या योहानाच्या शेकोट्या पेटवल्या जातात. एरवी सूर्यास्ताला उतरवला जाणारा राष्ट्रध्वज या एका रात्री उतरवत नाहीत. फिनलंडमध्येही मध्य-उन्हाळ्याचा हा सण १९३४ पासून ध्वजदिन आहे, आणि ध्वज शुक्रवारच्या संध्याकाळपासून शनिवारच्या रात्रीपर्यंत फडकत राहतो.

शेजारचा लिथुआनिया हा कॅथलिक देश. १३८७ मध्ये अधिकृतपणे ख्रिस्ती झालेला हा युरोपातील शेवटचा मोठा प्रदेश होय. तेथे १९६७ मध्ये काही तरुणांनी केर्नावे येथील प्राचीन टेकड्यांवर मध्य-उन्हाळ्याचा सण पुन्हा मांडला, तो योहानाच्या नावाने नव्हे, तर 'रासोस', म्हणजे दवाचा सण, या नावाने. गुप्त पोलिसांचे त्यांच्यावर लक्ष होते. या मंडळींपैकी काही पुढे ख्रिस्तपूर्व धर्माच्या पुनरुज्जीवनाकडे वळले. एकाच छळणाऱ्या राजवटीखाली कोणी संताच्या नावाने आणि कोणी संताला वगळून आपले लिथुआनियन असणे जपले. लिथुआनियाचा खरा उन्हाळी राष्ट्रदिन ६ जुलै आहे. १२५३ मध्ये मिंदाउगास या राजाचा पोपच्या मान्यतेने राज्याभिषेक झाला, त्याची ती आठवण. २००९ पासून त्या दिवशी रात्री नऊला जगभरातील लिथुआनियन एकाच वेळी राष्ट्रगीत गातात.

डोंगरावरून डोंगरावर

आल्प्स आणि पिरेनीज या पर्वतांत अग्नीला आणखी एक काम असते, ते निरोप देण्याचे. एका शिखरावरचा जाळ दुसऱ्यावरून दिसतो, म्हणून शत्रू आला की जाळ करायचा ही जुनी रीत. स्वित्झर्लंडमध्ये १ ऑगस्टच्या रात्री शिखराशिखरांवर पेटणाऱ्या आगी १२९१ च्या कराराची आठवण म्हणून पेटवल्या जातात. हा सण दिसतो तितका जुना नाही. तो पहिल्यांदा १८९१ मध्ये सहाशेव्या वर्षानिमित्त झाला, १८९९ पासून दरवर्षी चर्चच्या घंटांसह होऊ लागला, आणि देशभर सुटीचा दिवस व्हायला १९९४ उजाडले.

टिरोलची कथा कॅथलिक वाचकांना विशेष जवळची वाटेल. १७९६ च्या उन्हाळ्यात नेपोलियनची फौज इटलीतून उत्तरेकडे सरकत होती. टिरोलच्या प्रांतसभेचे प्रतिनिधी बोत्सेन येथे जमले. स्टाम्स मठाच्या मठाधिपतींच्या सूचनेवरून त्यांनी आपला देश येशूच्या परमपवित्र हृदयाला वाहिला आणि तो सण दरवर्षी थाटाने साजरा करण्याचा नवस केला. १८०९ च्या उठावात पुढारी आन्द्रेआस होफर यांनी हा नवस पुन्हा उच्चारला. जून महिन्यात डोंगरांवर पेटणारे अयनदिनाचे आणि योहानाचे जाळ हळूहळू या नवसाशी जोडले गेले. आजही पवित्र हृदयाच्या रविवारी रात्री कड्यांवर क्रूस आणि हृदय यांच्या आकारात मशाली लावल्या जातात.

पहिल्या महायुद्धानंतर टिरोलची फाळणी झाली आणि जर्मन बोलणारा दक्षिण टिरोल इटलीकडे गेला. ११ जून १९६१ हा पवित्र हृदयाचा रविवार होता. त्या रात्री डोंगरांवर नेहमीचे जाळ पेटले असताना फुटीर गटाने विजेच्या तारांचे ३७ खांब सुरुंगाने उडवले. दुसऱ्या दिवशी न फुटलेल्या स्फोटकामुळे एका रस्ते-कामगाराचा बळी गेला. 'अग्निरात्र' म्हणून ती घटना इतिहासात नोंदली गेली. दक्षिण टिरोलच्या लोकांची गाऱ्हाणी खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. १९७२ च्या स्वायत्ततेने त्यांतील अनेक दूर झाली. पण ज्या हृदयाला आपण सर्वस्व वाहिले त्याच्याच सणाच्या रात्री सुरुंगाची वात पेटवणाऱ्यांनी तो नवस कसा वाचला असेल, हा प्रश्न उरतो.

याहून वाईट उदाहरण जर्मनीचे. नाझी राजवटीने उन्हाळी अयनदिनाचे मोठमोठे सोहळे भरवले आणि त्यांतून योहानाचे नाव हेतुपुरस्सर वगळले. हा आपल्या आर्य पूर्वजांचा अग्नी आहे, चर्चने तो बळकावला, असा त्यांचा दावा होता. ग्रिम यांच्या काळापासून विद्वानांनी मांडलेली 'प्राचीनते'ची कल्पना येथे हत्यार झाली. म्हणूनच पुराव्याविषयीची सावधगिरी आम्ही आरंभी नोंदवली.

पिरेनीज पर्वतातील कानिगो शिखराची ज्योत मात्र मनाला सुखावते. याचिंत वेर्दागे हे एकोणिसाव्या शतकातील कातालान कवी आणि कॅथलिक धर्मगुरू. त्यांचे 'कानिगो' हे महाकाव्य १८८६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यापासून प्रेरणा घेऊन १९५५ मध्ये फ्रान्सच्या बाजूच्या एका कातालान रहिवाशाने शिखरावर योहानाची शेकोटी पेटवली आणि तेथून ती खाली गावांत नेण्याची प्रथा सुरू झाली. १९६६ मध्ये ही ज्योत सीमा ओलांडून स्पेनमध्ये गेली. तेव्हा तेथे फ्रँकोची हुकूमशाही होती आणि कातालान भाषेला शासनदरबारी स्थान नव्हते. वर्षभर ज्योत पर्पिन्याँच्या जुन्या दुर्गात सांभाळली जाते, दर जूनला शिखरावर नेली जाते, आणि २३ तारखेला तिने शेकडो गावांच्या शेकोट्या पेटतात. पिरेनीजमधील उन्हाळी अग्निसोहळ्यांना युनेस्कोने २०१५ मध्ये मानवतेच्या अमूर्त वारशात घेतले.

डेन्मार्कचा उल्लेख थोडक्यात करतो. तेथे शेकोटीपाशी भाषण होते आणि कवी होल्गर द्राकमन यांचे १८८५ मधील देशप्रेमाचे गीत सर्वजण गातात. गेल्या शतकभरात शेकोटीवर कापडी चेटकीण जाळण्याची चाल तेथे रूढ झाली आहे. सोळाव्या-सतराव्या शतकांत त्याच देशात जिवंत स्त्रियांना जाळले गेले होते, हे लक्षात घेता ही करमणूक अनेक डॅनिश लोकांनाही खटकते, आणि ते योग्यच आहे.

संताच्या दिवसातून संत गेला

फ्रेंच वसाहतकारांनी सतराव्या शतकात योहानाची शेकोटी अटलांटिकपलीकडे, सेंट लॉरेन्स नदीच्या काठी नेली. तो प्रदेश पुढे इंग्रजांच्या ताब्यात गेला. २४ जून १८३४ रोजी लुजे द्युव्हर्ने या वृत्तपत्रकाराने मॉन्ट्रियलमधील एका बागेत काही डझन मंडळींना मेजवानीस बोलावले आणि फ्रेंच भाषिक कॅनेडियनांचा राष्ट्रीय सण म्हणून संत योहानाचा दिवस पुढे ठेवला. तीन वर्षांनी उठाव झाला, तो दडपला गेला, द्युव्हर्ने परागंदा झाले. परत आल्यावर त्यांनी संत योहानाच्या नावाची संस्था पुन्हा उभी केली. २४ जून १८८० रोजी क्वेबेक शहरातील याच सणाच्या निमित्ताने 'ओ कॅनडा' हे गीत प्रथम गायले गेले. आज ते संपूर्ण कॅनडाचे राष्ट्रगीत आहे, ही गोष्ट क्वेबेकच्या राष्ट्रवाद्यांना फारशी रुचत नाही. १९०८ मध्ये पोप दहावे पायस यांनी संत योहानाला फ्रेंच कॅनेडियनांचा आश्रयदाता संत घोषित केले, आणि १९२५ पासून हा दिवस सुटीचा झाला.

मॉन्ट्रियलच्या मिरवणुकीत दरवर्षी कुरळ्या सोनेरी केसांचा एक लहान मुलगा, शेजारी कोकरू, असा बाल-योहान रथावर बसे. १९६० च्या दशकात क्वेबेक झपाट्याने बदलले. शाळा आणि रुग्णालये चर्चकडून शासनाकडे गेली, चर्चमधील उपस्थिती घटली, आणि तरुणांना ते कोकरू आपल्या समाजाच्या लाचारीचे चिन्ह वाटू लागले. बालकाच्या जागी प्रौढ योहानाचा पुतळा आला. १९६८ च्या मिरवणुकीत दंगल झाली. १९६९ मध्ये जमावाने पुतळ्याचा रथ उलथवला आणि कागदी लगद्याच्या योहानाचे शिर धडावेगळे झाले. हेरोदाच्या मेजवानीची आठवण त्या वेळी अनेकांना झाली असेल. १९७७ मध्ये रेने लेव्हेक यांच्या सरकारने २४ जून हा क्वेबेकचा 'राष्ट्रीय सण' ठरवला. संगीत, निळे-पांढरे ध्वज आणि शेकोट्या आजही असतात. लोक अजूनही त्याला 'सेंट जाँ' म्हणतात. सरकारी नावात मात्र संत नाही.

गोव्याचे पाणी

पोर्तुगालमधील पोर्तो शहर योहानाची रात्र शेकोट्यांवरून उड्या मारून आणि रस्त्यात एकमेकांच्या डोक्यावर हलकेच हातोडे मारून घालवते. हे हातोडे आता प्लॅस्टिकचे असतात. पोर्तुगिजांसोबत हा सण गोव्यात आला तेव्हा त्याची गाठ मृगाच्या पावसाशी पडली. भिजलेल्या लाकडांचा जाळ कसा व्हायचा? मात्र विहिरी आणि ओहोळ नुकतेच भरलेले होते. डोक्यावर पाना-फुलांची 'कोपेल' घालून, घुमटाच्या तालावर गात लोक वाड्यावाड्यांतून फिरतात आणि विहिरीत उड्या घेतात. मारियेचा आवाज ऐकून एलिझाबेथच्या उदरात बाळ योहानाने उडी घेतली, तिची ही आठवण असल्याचे घरोघरी सांगितले जाते. यार्देन नदीतील बाप्तिस्म्याचा संदर्भ तर उघडच आहे. नव्या जावयाचे या दिवशी सासुरवाडीला विशेष कौतुक होते. शिवोलीत सजवलेल्या होड्यांतून लोक संत योहानाच्या कपेलापाशी येतात. पाना-फुलांचा मुकुट रिगापासून शिवोलीपर्यंत तोच. संत ऑगस्टिन यांनी हिप्पोच्या किनाऱ्यावर ज्या स्नानाबद्दल लोकांना खडसावले होते, ते येथे सणाचे मुख्य अंग झाले आहे.

गोव्यालाही जूनमध्ये देशभक्तीचा दिवस आहे. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया आणि डॉ. जुलियांव मिनेझिस यांनी मडगाव येथे सभाबंदी मोडली, तो क्रांतिदिन. सांजांव त्यानंतर अवघ्या सहा दिवसांनी येतो. एस्टोनियात असे दोन दिवस एकाच ज्योतीने जोडले गेले. गोव्यात १८ तारखेला हुतात्म्यांना पुष्पचक्रे वाहिली जातात, आणि २४ तारखेला 'व्हिवा सांजांव' म्हणत पोरे विहिरीच्या कठड्यावर चढतात.